मॉड फायलींना अमिगाचा आवाज: एक्सएमप्लेमध्ये ओपनएमपीटी बसवण्याची रीत

जुन्या हार्ड डिस्कवरचा डेटा काढून द्यायचं काम माझ्या दुकानात बरंच येतं. लग्नाचे फोटो, कुणाचा तरी कॉलेजचा प्रोजेक्ट, एखाद्या पतसंस्थेचं टॅली. डिस्क दोन हजार सालाच्या आगेमागे वापरातली असली, तर गाण्यांच्या फोल्डरच्या तळाशी कधीकधी .मॉड, .एक्सएम, .एस३एम, .आयटी अशी शेपटं असलेल्या बारक्या फायली निघतात. आकार शे-दोनशे केबी, आणि वाजवलं तर चार मिनिटांचं अख्खं संगीत. मालकाला विचारलं की तो म्हणतो, "ते उडवा हो, जागा खातंय." शे-दोनशे केबी काय जागा खाणार! मी उडवत नाही, वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून देतो आणि कुणी विचारलंच तर कसं वाजवायचं तेही सांगतो. तेच इथे नीट लिहून काढतो आहे.

सायबर कॅफेच्या काळात वाढलेल्यांनी हा आवाज ऐकलेलाच आहे. एखाद्या सॉफ्टवेअरचा कीजेन, म्हणजे बनावट परवाना-क्रमांक काढून देणारा प्रोग्रॅम, उघडला की छोट्या खिडकीमागे जे टुणटुण संगीत सुरू व्हायचं, ते याच घराण्यातलं. (कीजेन कुठून आणला होता ते मी विचारत नाही.) अनरिअल टूर्नामेंट खेळलेल्यांनीही तासन्‌तास हेच ऐकलंय, नाव माहीत नसताना.

मॉड फाईल म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तिच्या आत वाद्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे असतात, त्यांना सँपल म्हणतात, आणि कोणत्या ओळीला कोणता तुकडा कोणत्या सुरात सोडायचा याचं कोष्टक असतं, त्याला पॅटर्न म्हणतात. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रॅमरने कमोडोर अमिगा या घरगुती कॉम्प्युटरसाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर हा संगीत रचायचा प्रोग्रॅम काढला, तिथून ही तऱ्हा सुरू झाली. अमिगातली पॉला नावाची आवाजाची चिप एका वेळी चार सँपल वाजवायची, ८ बिटची: दोन पूर्ण डावीकडे, दोन पूर्ण उजवीकडे. मधे कुणी नाही.

म्हणजे तुमचा प्लेअर ही फाईल नुसती 'वाजवत' नाही, तो दर वेळी ते संगीत नव्याने घडवतो. म्हणून एकच मॉड व्हीएलसीमध्ये एक ऐकू येतो, जुन्या विनॅम्पमध्ये दुसरा आणि खऱ्या अमिगावर तिसरा. फाईल बिघडलेली नसते. प्रत्येक प्रोग्रॅमने मनाशी धरलेलं यंत्र वेगळं असतं. आपल्याला त्याच्या मनात अमिगा भरवायचाय, आणि प्लगइन, म्हणजे प्लेअरला जोडायचा छोटा पुरवणी प्रोग्रॅम, लागतो तो त्यासाठी.

आधी प्लेअर

विंडोजवर या कामाला मी एक्सएमप्ले वापरतो. इयन लक यांनी केलेला हा फुकटचा प्लेअर जुना आहे, दिसायला काडेपेटीएवढा आहे, आणि आजच्या मोठ्या स्क्रीनवर त्याची बटणं शोधायला चष्मा लागतो. पण हलका इतका, की ज्या मशीनवर ब्राउझर उघडताना पंखा ओरडतो तिथेही हा गुपचूप चालतो. साइट अन-४-सीन डॉट कॉम, मधला ४ हा आकडाच टाकायचा. शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या दिसेल त्या 'फ्री डाउनलोड' साइटवरून घेऊ नका. असल्या साइटवरून आणलेल्या सॉफ्टवेअरबरोबर ब्राउझरचा टूलबार नि आणखी दोन नको असलेले पाहुणे येतात, आणि मग तो कॉम्प्युटर माझ्याकडे येतो.

उतरवलेली झिप उघडण्याआधी तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघा. खाली 'अनब्लॉक' असा चौकोन दिसला तर टिक करून ओके करा. इंटरनेटवरून आलेल्या फायलीवर विंडोज एक शिक्का मारून ठेवतं, आणि झिप तशीच सोडवली तर तो शिक्का आतल्या फायलींवरही उतरतो. नंतर प्लगइन का चालेना म्हणून डोकं खाजवत बसण्यापेक्षा इथेच दोन सेकंद द्यावेत.

एक्सएमप्लेला इन्स्टॉलर नाही, झिप सोडवली की झालं. फक्त 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये सोडवू नका. तिथे लिहायला विंडोज परवानगी मागतं आणि हा प्लेअर आपल्या सेटिंग स्वतःच्याच फोल्डरमध्ये एका आयएनआय फायलीत ठेवतो. डी ड्राइव्हवर 'गाणी' असं फोल्डर करा, त्यात 'एक्सएमप्ले', आणि तिथे सोडवा. एकदा चालू करून, एखादा एमपी३ खिडकीवर ओढून टाकून, आवाज येतो का बघून बंद करा. पुढच्या पायरीला प्लेअर बंदच हवा.

खरं सांगायचं तर मॉड, एक्सएम, एस३एम, आयटी हे सगळं एक्सएमप्ले जन्मतःच वाजवतो आणि छान वाजवतो. तुम्हाला नुसती जुनी फाईल ऐकून 'अरे हेच ते!' म्हणायचं असेल तर इथेच थांबा, काही बिघडत नाही. पुढचं ज्यांना अमिगाचा खरखरीत, उघडा आवाज हवा आहे त्यांच्यासाठी.

प्लगइन

ओपनएमपीटी हा मुळात ट्रॅकर, म्हणजे असं संगीत रचायचा प्रोग्रॅम. त्याचा पूर्वज ओलिव्हिए लापिक यांचा मॉडप्लग ट्रॅकर. ओपनएमपीटीच्या मंडळींनी त्यातलं वाजवायचं इंजिन वेगळं काढून लायब्ररी केली, तिचं नाव लिबओपनएमपीटी, आणि तीच एक्सएमप्ले आणि विनॅम्प यांच्या प्लगइनच्या रूपात फुकट देतात. पत्ता लिब डॉट ओपनएमपीटी डॉट ऑर्ग. डाउनलोडच्या पानावर बरीच पाकिटं दिसतील: प्रोग्रॅमरांसाठी सोर्स, कमांड लाइनचा प्लेअर, काय काय. त्यातलं एक्सएमप्लेसाठीचं घ्या. विंडोजची जुनी आणि नवी आवृत्ती यांच्यासाठी वेगळी पाकिटं असतात, ती ओळ वाचूनच क्लिक करा.

ही झिपही आधी अनब्लॉक. आत 'एक्सएमपी-ओपनएमपीटी' नावाची डीएलएल असते, ती उचलून एक्सएमप्लेच्या फोल्डरमध्ये टाका, जिथे प्लेअरची ईएक्सई आहे तिथेच. शेजारी आणखी डीएलएल असेल तर तीही न्या, परवान्यांच्या मजकूर-फायली राहू देत. डीएलएलवर डबल-क्लिक करू नका, ती तशी उघडत नसते. दुकानात हे सांगावं लागतं म्हणून इथेही सांगतो.

आता प्लेअर चालू करा आणि एफ११ दाबा. 'ऑप्शन्स अँड स्टफ' नावाची खिडकी उघडेल. तीत प्लगइन्स, त्याखाली इनपुट. यादीत ओपनएमपीटीचं नाव दिसलं की बसवणं संपलं.

संपलं, पण लागू झालं नाही. इथेच बहुतेक लोक फसतात. प्लगइन यादीत आहे, तरी मॉड फाईल लावली की ती एक्सएमप्ले स्वतःच वाजवतो, कारण ज्या फाईलप्रकाराचं त्याला स्वतःला कळतं तिथे तो दुसऱ्याला विचारत नाही. प्लगइन नुसता हजेरीपटावर. म्हणून त्याच पानावर, यादीत ओपनएमपीटी निवडून, 'प्रायॉरिटी फाइलटाइप्स' अशी जागा शोधा आणि तिथे मॉडचं शेपूट इंग्रजी अक्षरांत भरा: एम, ओ, डी. आधी टिंब नको. मग लागू करा.

एक्सएम, आयटी, एस३एम तिथे मुद्दाम घालत नाही. ती पीसीच्या जमान्यातली अपत्यं आहेत, अमिगाचा आवाज त्यांना अपेक्षितच नाही, आणि ती एक्सएमप्लेच्या हाती सुखात आहेत. प्रत्येक गोष्टीत प्लगइन घुसवायची हौस असेल तर घाला, मी अडवणार कोण.

आता खात्री. कोण वाजवतंय हे कानाने ओळखता येईलच असं नाही, तेव्हा एक युक्ती. चार चॅनलचा, म्हणजे एका वेळी चार सँपल वाजवणारा, मॉड लावा, हेडफोन घाला. इनपुट प्लगइनच्या यादीत ओपनएमपीटी निवडून 'कॉन्फिग' दाबा, आणि 'स्टीरिओ सेपरेशन'चा दांडा शून्यावर आणा. डावं-उजवं एकत्र होऊन सगळं डोक्याच्या मध्यभागी आलं, तर वाजवणारा आपला प्लगइन आहे. काहीच फरक पडला नाही, तर प्रायॉरिटीची जागा पुन्हा बघा, आणि फाईल थांबवून नव्याने लावा. खात्री झाली की दांडा पुन्हा शंभरावर.

कॉन्फिगची खिडकी

सगळी गंमत इथे आहे. आवृत्तीप्रमाणे मांडणी थोडी हलते, पण नावं ओळखता येतात.

'इंटरपोलेशन' म्हणजे सँपलच्या दोन ठिपक्यांमधली जागा कशी भरायची. हा प्रश्न का येतो, तर ही सँपलं फार कमी ठिपक्यांची असतात. पाल या टीव्ही पद्धतीच्या अमिगावर ट्रॅकरमधल्या मधल्या षड्‌जाला, म्हणजे सी-२ ला, सँपल सेकंदाला सुमारे ८,२८७ ठिपक्यांच्या गतीने वाजतं. सीडीवर तोच आकडा ४४,१०० असतो. सुमारे सव्वाआठ हजार ठिपक्यांतून सीडीच्या मापाची लाट काढायची तर मधलं काहीतरी कल्पनेने भरावं लागतं. प्लगइन तिथे 'काहीच भरू नको'पासून साध्या रेषेपर्यंत आणि त्याहून गुळगुळीत पद्धतींपर्यंत पर्याय देतो. गुळगुळीत केलं की खरखर जाते.

आणि माझं भांडण नेमकं तिथे आहे. आमच्या मिरजेत तंबोरे बनतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा मागेपुढे सरकवत कारागीर जवारी लावतात, तेव्हा सुराभोवती ती झणझणीत झळाळी उभी राहते. धागा काढून घेतला तर सूर तोच राहतो, पण तंबोरा मुका वाटतो. पॉला चिप मधल्या जागा गुळगुळीत करत नव्हती. पुढचा ठिपका येईपर्यंत आधीचाच धरून ठेवायची, त्यातून वरच्या पट्टीत जादा स्वरांश निघायचे, आणि बास, ढोल, हाय-हॅट यांची धार त्यातूनच यायची. रचणाऱ्यांनी ते ऐकतच रचलं. आजचा सभ्य प्लेअर ती जवारी काढून टाकतो आणि वर म्हणतो, बघा किती स्वच्छ!

तेव्हा 'यूज अमिगा रिसँपलर' असा चौकोन शोधा आणि टिक करा. हा फक्त अमिगाच्या मॉडना लागू होतो, म्हणून बाकीच्या फायलींची काळजी नको. टिक केल्यावर मॉडच्या बाबतीत वरचा इंटरपोलेशनचा पर्याय बाजूला राहतो. 'काहीच भरू नको' हा पर्याय आणि अमिगा रिसँपलर यांत फरक काय, असं भाच्याने विचारलं होतं. पहिल्यात पायऱ्या तुमच्या साउंड कार्डाच्या ठोक्यावर कशातरी बसतात आणि एक वेगळाच बेसूर कचरा मिसळतो, अमिगावर नसलेला. दुसऱ्यात पायरी नेमकी जिथे पडायला हवी तिथे पडते. उंच सुरातली लांब टीप लावून दोन्ही ऐका, लगेच कळतं.

त्याच्याच शेजारी फिल्टरची निवड असते: ए५००, ए१२००, किंवा काहीच नाही. अमिगा ५०० च्या बोर्डवर वरचे स्वरांश थोडे दाबणारा एक कायमचा फिल्टर होता, १२०० मध्ये तो जवळपास नसल्यातच जमा. ए५०० ने आवाज किंचित ऊबदार, मवाळ होतो. १९८८-८९ च्या आसपासच्या रचनांना तो शोभतो, कारण त्या ५०० वरच रचल्या गेल्या असण्याची शक्यता जास्त. लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र मी ए१२०० ठेवतो. ते स्पीकर आधीच इतकं दाबतात की आणखी कशाला.

अमिगात याशिवाय दुसरा एक फिल्टर होता, तो प्रोग्रॅमने चालू-बंद करता यायचा, आणि त्याची तार चक्क पॉवरच्या दिव्याशी जोडलेली. फिल्टर बंद केला की दिवा मंद. पॅटर्नमध्ये 'ई००' ही आज्ञा आली की तो फिल्टर चालू, 'ई०१' आली की बंद. काही रचनाकारांनी गाण्याच्या मध्येच हे वापरलंय: चार ओळी गोधडीखालून आल्यासारख्या आणि मग एकदम आवाज मोकळा. अमिगा रिसँपलर चालू असेल तर प्लगइन या आज्ञाही पाळतो. साध्या प्लेअरवर तो बदल ऐकूच येत नाही, नि आपल्याला वाटतं इथे काही घडलंच नाही.

स्टीरिओ सेपरेशनचा दांडा आपण मघाशी हलवलाच. स्पीकरवर ऐकत असाल तर शंभर राहू द्या, हवं तर वाढवा. खऱ्या अमिगाचं डावं-उजवं निर्दयपणे वेगळं होतं. हेडफोनवर मात्र एका कानात नुसता बास आणि दुसऱ्यात नुसती धून, असं पाच मिनिटांत डोकं दुखायला लावतं. तिथे पन्नास-साठवर आणा. त्या काळी टीव्हीच्या एकाच स्पीकरवर ऐकणारेही पुष्कळ होते, तेव्हा कमी केल्याने काही पाप लागत नाही.

'रँपिंग' म्हणजे टीप सुरू होताना आवाज शून्यातून अलगद वर न्यायचा. मिलिसेकंदांचा खेळ आहे. ठेवलं तर टिकटिक आवाज जातात, काढलं तर ढोलाचा ठोका तिखट लागतो. आपसूक आहे तेच राहू द्या, मन भरलं नाही तर हलवा.

'रिपीट' बघून ठेवा. बरेच मॉड गोल फिरणारे असतात, शेवटच्या ओळीवरून पुन्हा पहिल्यावर. कायम फिरत राहायला सांगितलंत तर पुढच्या फाईलची पाळी येणारच नाही.

फाईल आतून

आवाज जमला की एक्सएमप्लेची इन्फो खिडकी उघडा आणि सँपलच्या यादीकडे बघा. मॉड फायलीत सुरुवातीची २० अक्षरं शीर्षकाला असतात, मग ३१ सँपलांच्या नोंदी, प्रत्येकीत नावाला २२ अक्षरं. वाद्यांची नावं लिहायला ठेवलेली ही जागा लोकांनी पत्र लिहायला वापरली. 'बास १', 'स्नेअर' राहिलं बाजूला; एकाखाली एक ओळींत मित्रांना नमस्कार, कोणत्या रात्री रचलं ते, अमुकने माझं सँपल चोरलं अशी तक्रार, आणि पोस्टाचा पत्तासुद्धा. नोटपॅडमध्ये फाईल उघडलीत तरी ही अक्षरं दिसतात, पुढचा सगळा मजकूर कचरा वाटला तरी. सगळ्या नोंदी संपल्यावर, सुरुवातीपासून १०८० अक्षरं सोडून, 'एम. के.' अशी चार अक्षरी खूण असते. ती असली की ३१ सँपलांचा चार चॅनलवाला मॉड. अगदी सुरुवातीच्या, १५ सँपलांच्या फायलींत ही खूण नसते, म्हणून काही प्लेअर त्यांना ओळखतच नाहीत. ओपनएमपीटी ओळखतो.

या प्लगइनबरोबर पॅटर्न दाखवणारं व्हिज्युअलही येतं. ते लावा आणि एखादं गाणं बघत ऐका. ६४ ओळींचं पान वर सरकतं, चार रकाने, आणि नेहमीची गती असेल तर सेकंदाला ५० टिक (टिक म्हणजे ट्रॅकरचा काळाचा ठोका), सहा टिकला एक ओळ, म्हणजे पान ७.६८ सेकंदांत संपतं. चार आवाजांत लोकांनी काय काय केलंय ते तिथे दिसतं. एकाच रकान्यात ढोल आणि बास आळीपाळीने कोंबलेले, प्रतिध्वनी हवा म्हणून तीच टीप तीन ओळींनंतर कमी आवाजात पुन्हा लिहिलेली, आणि तीन स्वर एका टीपेत इतक्या भरभर फिरवलेले की कानाला कॉर्ड वाटावी. ते टुणटुण कुठून येतं ते तिथे कळतं.

अडलंच तर

अमिगावरून थेट आलेल्या फायलींना शेपूट नसतं, नावाच्या आधी 'मॉड' आणि टिंब असतं. अमिगात तशीच चाल होती. विंडोज टिंबानंतरचा भाग हाच प्रकार समजतं, त्यामुळे ते भांबावतं, आणि आपण भरलेली प्रायॉरिटीही लागू होत नाही. नाव बदलून 'मॉड' शेवटी न्या. त्याआधी एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये फाईलनेम एक्स्टेन्शन दाखवायला लावा, नाहीतर नाव बदलल्यासारखं वाटतं आणि खरं शेपूट लपूनच राहतं.

एखाद्या फार जुन्या फायलीची गती भलतीच वाटली, तर कारण बहुधा पॅटर्नमधली 'एफ' ही आज्ञा. तिच्यापुढचा आकडा हेक्समध्ये (सोळाच्या मोजणीत) २०, म्हणजे आपले ३२, किंवा जास्त असेल तर नंतरच्या ट्रॅकरनी तो टेम्पो मानला. आधीच्यांनी तोच आकडा एका ओळीला किती टिक असा वाचला. ओपनएमपीटी अंदाजाने ठरवतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवतो.

अनरिअल किंवा अनरिअल टूर्नामेंटची जुनी सीडी घरात असेल तर तिच्या म्युझिक फोल्डरमध्ये .यूएमएक्स फायली आहेत. आत आयटी किंवा एस३एम गुंडाळलेले असतात. एक्सएमप्लेवर ओढून टाका, वाजतात. काहींत शांततेचं आणि मारामारीचं संगीत एकाच फायलीत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेलं असतं, तेव्हा गाणं लवकर संपलंसं वाटलं तर पुढचं उपगीत आहे का बघा.

विनॅम्पच हवा असणाऱ्यांसाठी: 'इन-ओपनएमपीटी' ही डीएलएल विनॅम्पच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये टाका, आणि प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली विनॅम्पचा स्वतःचा मॉड्यूल डीकोडर शोधून त्यातून मॉडची टिक काढा, नाहीतर तिथेही दोघांत ओढाताण होते. फूबार२००० ची पद्धत वेगळी. त्याचे कंपोनंट प्रेफरन्सेसमधल्या कंपोनंट्सच्या पानावरून 'इन्स्टॉल' दाबून बसतात, आणि ६४ बिटच्या फूबारला ३२ बिटचा कंपोनंट चालत नाही, तेवढं डाउनलोडच्या पानावर वाचून घ्या. लिनक्सवाल्यांनी ऑडेशस बसवावा, त्यात ओपनएमपीटीचा प्लगइन बरोबरच येतो.

हे सगळं अमिगा आणि ट्रॅकरपुरतं. कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रम हे त्या काळचे दुसरे घरगुती कॉम्प्युटर. पहिल्याच्या .एसआयडी फायली किंवा दुसऱ्याच्या .एवाय फायली यांचं इंजिन पूर्ण निराळं. त्यांत सँपलं नसून त्या यंत्राचा प्रोग्रॅमच असतो, त्यामुळे त्यांचे प्लगइन त्या काळचा प्रोसेसरच उभा करतात. स्पेक्ट्रम प्लस डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने भारतात विकला होता, म्हणून आपल्याकडच्या काही जणांना तोच जास्त जवळचा. तुमच्या डिस्कवर .एवाय निघाल्या तर ओपनएमपीटीला दोष देऊ नका.

नव्या फायली हव्या असतील तर 'द मॉड अर्काइव्ह' ही साइट १९९६ पासून चालू आहे, तिथे लाखाच्या वर मॉड्यूल आहेत. त्याहून जुनं भांडार अमिनेट. तिथल्या फायली .एलएचए मध्ये बांधलेल्या असतात, त्या सेव्हन-झिपने सुटतात. फुकट ऐकायला मिळतं म्हणजे हक्क सुटले असं नाही. रील किंवा एकांकिकेला वापरायचं असेल तर त्या पानावरचा परवाना वाचा, आणि तो नसेल तर रचणाऱ्याला विचारा. पुष्कळ जण अजून आहेत आणि आनंदाने उत्तर देतात.

जमलेलं सगळं एक्सएमप्लेच्या त्या एकाच फोल्डरमध्ये आहे: प्लेअर, डीएलएल आणि सेटिंगची आयएनआय. दुसऱ्या कॉम्प्युटरवर हवं असेल तर फोल्डर तसंच्या तसं कॉपी करा. फक्त कॉपी करण्याआधी प्लेअर बंद करा, कारण शेवटचे बदल तो बंद होतानाच फायलीत लिहितो.